बिनरजेचे आकारामतात्या

आमच्या वाडीचे पोस्टमन आकारामतात्या. २००४ साली कोल्हापुरात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा शेजारी म्हणून मी सोबतीला गेलो होतो. गगनबावड्याकडच्या पावसात डोक्यावर इरलं घेऊन, जळवा झटकत तात्यांनी वाड्यावाड्यांवर टपाल पोचवलं होतं. पण टपालखात्याच्या साहेबांना कौतुक भलत्याच गोष्टीचं.

"या माणसानं उभ्या नोकरीत एकदाही रजा घेतली नाही!" साहेबांनी माइकवर सांगितलं आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझं डोकंच सणकलं.

खेड्यातल्या या अर्धवेळ टपालनोकरीचा नियमच असा, की रजा हवी तर बदली माणूस आपणच शोधून द्यायचा. काही वर्षांमागं ऐन आषाढात तात्यांची बायको बाळाबाई तापानं फणफणली. तिला कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचं होतं. मूलबाळ नाही, घरात दोघंच. तात्या दारोदार फिरले. पण रोपलागणीचे दिवस, अख्खी वाडी चिखलात, बदलीला येणार कोण? वरच्या ऑफिसात फोन केला, तर, "माणूस द्या, मग जावा."

शेवटी बाळाबाईच म्हणाली, "जावा तुमी. टपाल टाकून या, मग जाऊ की दवाखान्याला."

तात्या थैली घेऊन गेले. परतले तेव्हा सोप्यात बायका गोळा झाल्या होत्या, आणि बाळाबाईला खाली जमिनीवर घेतलं होतं. त्यानंतर तात्या कुणाशी धड बोललेच नाहीत. आणि हे लोक त्याच दिवसाचा सत्कार करत होते!

कार्यक्रम उरकून आम्ही स्टँडवर येऊन बसलो. तात्यांच्या डोक्यावर फेटा, अंगावर शाल, मांडीवर नारळ. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तात्या, आज टपाल राहिलं की ओ तुमचं?"

"न्हाय राहिलं. साहेबांनी बदली माणूस धाडलाय."

"कुठला?"

"त्यांच्या ऑफिसातलाच. काल सांजच्याला फोन केला, सकाळी दारात हजर. फोटूला मी पायजे हुतो न्हवं?"

त्यांनी फेटा काढला आणि बाकावर ठेवला. गाडी लागली तरी ते उठेनात. मी हाताला धरलं, तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "त्या दिवशी एवढाच एक माणूस मागितलाता रं मी."