बायडाबाईचं वारं

…आणि ते लांबलचक पातं गावातल्या वळणावर असं अडकलं, की आसारामच्या पडवीचा कोपरा पाडल्याशिवाय ट्रेलर पुढं सरकेना. काल इथवर आलो होतो ना आपण? तर पडवी गेली, तरी आसाराम खूष! “पंखे बसवाया आलेत, आता उन्हाळ्यात गावाला फुकट गार वारं,” असं सांगत फिरला. पवनचक्की म्हणायला आमच्याकडं कुणाची जीभ वळेना. पंखाच म्हणायचे सगळे, आणि पंखा म्हणजे वारा घालणारच! अठ्ठ्याण्णव साली सुप्याकडच्या पठारावर ते पांढरे खांब उभे राहिले, तेव्हा निम्मं गाव अंगणात बाजा टाकून वाऱ्याची वाट बघत बसलं होतं.

पण खरं सांगायचंय ते बायडाबाईचं.

ही माझी चुलत वहिनी. खुरपायला बसली की दोघींची पात एकटी काढायची, वर मागं राहिलेलीला “का गं, मुळ्या फुटल्या का बुडाला?” म्हणून डिवचायची. अशी हसरी बाई. पण मंगळवारी सांजेला माळावरच्या तुकाईपुढं बसली की तिच्या अंगात वारं यायचं. मग कुणाची म्हैस हरवलेली, कुणाच्या लेकीचं जमत नसलेलं. विचारायला पुढं मी. सातवी पास, म्हणून देवीशी शुद्ध बोलेल असा लोकांचा भरवसा. वारं उतरता उतरता मात्र तिच्या तोंडून एक बारीक आवाज यायचा, “आये, वारा घाल ना.”

तो ठकूचा.

ठकू तिची एकुलती लेक. सहा वर्षांची असताना तापानं फणफणली. डॉक्टर डोंगरापलीकडं, म्हणून बायडाबाई तिला खांद्यावर टाकून निघाली. वैशाखाचं ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. तुकाईच्या देवळाशी सावलीला टेकली. पोरगी “वारा घाल” म्हणत राहिली, ही पदरानं घालत राहिली. पोरीचं बोलणं थांबलं, त्यानंतरही हिचा हात बराच वेळ थांबला नाही.

आता अंगात वारं असताना आपण काय बोललो, हे त्या माणसाला कळत नसतं. शुद्धीवर आली की घाम पुसत ती मला हळूच विचारायची, “भावजी, आल्ती का माझी?”

“आल्ती.”

“काय म्हनली?”

“वारा घाल म्हनली.”

मग ती पदराचं टोक धरून शेजारच्या रिकाम्या जागेला वारा घालत बसायची. आम्ही दुसरीकडं बघायचो.

पंखे फिरू लागले आणि तिचं वारं यायचं बंद झालं. एक पंखा अगदी देवळाच्या डोक्यावर. त्याची घुमघुम, आणि उतरत्या उन्हात पात्यांची सावली आमच्या पाठीवरून सरकायची, जसं कुणी मागून येऊन निघून जावं. बायडाबाई डोळे मिटून बसायची आणि तशीच उठायची. आसाराम म्हणाला, “खाल्लं की वो पंख्यानं! भाईरचं बी वारं, आन आतलं बी.” कुणी हसलं नाही. शेतातही ती आता गुपचूप खुरपायची. एकदा बांधावर मला म्हणाली, “भावजी, पोर दाराशी येत आसंल, आन मीच दार उघडत न्हाई आसं झालं तर वो?”

मग आम्ही पंख्यावरच्या साहेबाकडं गेलो. नगरचा पोरगेला साहेब.

“सायेब, येक डाव बंद करा त्यो पंखा. माझ्या लेकीला यायचंय.”

“या की मावशी, रस्ता मोकळा आहे. कुठून येणार आहे?”

बायडाबाई माझ्याकडं बघू लागली. मी साहेबाला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तो चेष्टा करील असं वाटलं होतं, पण उठला आणि म्हणाला, “मंगळवारी सांजेला थांबवतो.”

मंगळवारी पंखा कण्हत कण्हत थांबला. इतकी शांतता आम्ही विसरूनच गेलो होतो. गवतातला किडासुद्धा ऐकू येत होता. बायडाबाईचा अंबाडा सुटला, अंग घुमू लागलं. मी काही विचारलं नाही, त्या दिवशी कुणाला काही विचारायचंच नव्हतं. अखेर तो बारीक आवाज आला. पण नेहमीचं बोलणं नाही.

“आये, पंखा का बंद केला?”

आसारामनं माझं मनगट असं धरलं की बोटं उमटली. वर बघायची कुणाची छाती होईना.

बायडाबाई भानावर आली. “आल्ती का?”

हे गिळून टाकावं असं एक क्षण वाटलं. पण इतक्या वर्षांत ठकूचा एक शब्द मी इकडचा तिकडं केला नव्हता. म्हणालो, “वहिनी, आल्ती. पंखा का बंद केला, म्हनली.”

ती उठली आणि थांबलेल्या पात्यांकडं बघत राहिली. खांबाच्या दारात साहेब उभा. त्यानं हातानंच खुणावलं, करू का चालू? पंखा फिरला की वारं येणार नाही, वारं नाही तर ठकूही नाही, हे तिला ठाऊक होतं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो.

“करा म्हनावं चालू,” बायडाबाई म्हणाली. “तिला वारा घालाया माझा हात तरी कुटवर पुरंल? आन तिचं बोलनं मला कदी आयकू आलंच न्हाई, भावजी. त्ये तुमालाच यायचं.”