तुपाचे ठिपके

डोंगराच्या कुशीतल्या त्या ओमानी गावात वंशावळी मशिदीच्या कपाटात असत. त्यांत बाप, आजे, पणजे नीट टिपलेले. आयांची नावं लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. आया सगळ्या झुवैनाच्या डोक्यात होत्या. पन्नास वर्षं गावची सुईण, लिहिण्यावाचण्याच्या नावाने शून्य, आणि जिभेला हाड नाही असं सुनांचं मत.

मधुमेह आणि हृदयविकार माणसाला रक्तातून किती येतात आणि ताटातून किती, हे शोधायला मस्कतहून मंडळी आली, तेव्हा पहिल्याच दिवशी हिने त्यांच्या कामाचा बट्ट्याबोळ केला. लोकांना उपाशीपोटी रक्त द्यायला बोलावलं होतं, आणि ही बाई दवाखान्याच्या दारात कहव्याचं, म्हणजे अरबी कॉफीचं, भांडं नि खजुरांची परात मांडून बसलेली. अर्ध्या गावाची साखर आभाळाला भिडली. त्या मंडळींतल्या डॉक्टर बुदूरने कपाळाला हात लावला.

"दारात आलेल्याला उपाशी ठेवायचं, नि वर सुई टोचायची?" झुवैना म्हणाली. "तुझ्या आईने हेच शिकवलं का गं?"

बुदूर पोरगी शहाणी. वाद न घालता ती शेजारी टेकली, एक खजूर तोंडात टाकला आणि समोरून जाणारा म्हातारा खालाचा, म्हणजे मावशीचा, कोण लागतो, असं सहज विचारलं. उत्तर दुपारच्या नमाजापर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी बुदूर कागदाची मोठी गुंडाळी घेऊनच आली.

पाच दिवस झुवैना सांगत होती आणि बुदूर लिहीत होती. सहाशे त्रेचाळीस माणसं, माणसामागे एक चौकोन. कोण कुणाच्या पोटी आलं, कोण पायाळू, कुणाला सहा बोटं, कोण कशाने गेलं. एकदाही अडखळली नाही. एवढं सगळं एका डोक्यात मावतं, याचं बुदूरला चौथ्या दिवशी भयच वाटायला लागलं.

झुवैनाच्या माहेरच्या माणसांची आणखी एक खूण होती. डोळ्यांच्या कोपऱ्यांशी पिवळसर ठिपके उठत. गाव त्यांना तुपाचे ठिपके म्हणे, खात्यापित्या घरची बरकत. मुलगी बघायला गेलेल्या बायका आधी तिच्या आईच्या पापण्या निरखत. गेल्या ईदेला तिच्या धाकट्या मुलाच्या, खलफानच्या, डोळ्याशी पहिला ठिपका दिसला, तेव्हा झुवैनाने आनंदाने घरभर लोबान फिरवला होता.

बुदूरने ठिपकेवाल्यांना पिवळा रंग दिला, आणि पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन गेलेल्यांच्या चौकोनावर काळी रेघ मारली. मग कागद गालिच्यावर पसरला.

झुवैनाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण हे वाचता आलं. जिथे काळी रेघ, तिथे खाली पिवळं. मामा. दोन भाऊ. थोरला मुलगा हमूद, जो एक्केचाळिसाव्या वर्षी पाण्याच्या पाटाच्या कडेला बसल्या जागी गेला. त्याला शेजारणीची नजर लागली म्हणून तिने अकरा वर्षं त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. यातली कितीतरी माणसं तिने स्वतःच्या हातांनी जगात आणली होती, आणि हे त्यांच्यातून केव्हापासून वाहत आलं होतं. ती थक्क होऊन बघत राहिली.

"यात माझा खलफान कुठे?"

बुदूरने बोट ठेवलं. पिवळा चौकोन, रेघ नसलेला.

"हे ठिपके रक्तातल्या चरबीचे, खाला. याला औषध आहे. रोजची गोळी. पण आधी त्याचं रक्त बघायला हवं."

खलफान टँकर चालवायचा. बैलासारखा धट्टाकट्टा, रक्त द्यायला दोनदा नाही म्हणालेला. आईने त्याला कागदापुढे उभं केलं. हमूदच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि शेजारच्या पिवळ्यावर सरकवलं.

"हा तू," ती म्हणाली. "इथे रेघ मारलेली मी बघणार नाही."

तो हसायला गेला, आणि आईचा चेहरा बघून उद्या येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा झुवैना दवाखान्याच्या दारातच होती. परात रिकामी, कहव्याचं भांडं पालथं.

"आई, घोटभर तरी दे."

"आधी सुई."

पन्नास वर्षांत तिच्यासमोरून कुणी उपाशी पुढे गेलं नव्हतं. आत त्याच्या दंडाला पट्टा आवळला, तेव्हा ती दारातून बघत होती. तिच्या मुठीत एक खजूर होता, नंतरसाठी.