तीन रेघांची जागा

शाळेत चमत्कार खोटे ठरवणारा माणूस मी. लिंबातून रक्त कसं काढतात, जिभेवर कापूर कसा जाळतात, हे नेर तालुक्यातल्या कितीतरी शाळांमध्ये करून दाखवलंय. विज्ञानाचा शिक्षक, त्यात बोलायची हौस. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण झालं ते झालं, आणि मी स्वतः तपासलंय.

नेरमध्ये आमचं चार खोल्यांचं घर आहे. हॉलची एक लांब भिंत आईच्या खोलीपासून थेट मागच्या अंगणाच्या दारापर्यंत जाते. आठ वर्षांपूर्वी मी हौसेनं त्या भिंतीवर टेक्श्चर करून घेतलं. रफीकभाई पेंटरनी जाड ओल्या रंगावर चार दातांची रबरी फणी ओढून लाटाच लाटा काढल्या. तेव्हा आई एका लग्नासाठी गावाला गेली होती. ती परत यायच्या आत आम्ही भिंतीच्या मधोमध लोखंडी कपाट लावलं. ते पुढची आठ वर्षं तिथून हललं नाही. (हे लक्षात ठेवा.)

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं आईची नजर गेली. पण ही बाई कुणाचा हात धरेल तर शपथ! "ज्या दिवशी मले धरून न्या लागन, त्या दिवसापासून मी खाटेवरच," असं तिनं आम्हाला बजावलेलं. सकाळची वंदना झाली की उजवा हात भिंतीवर ठेवून एकटीच अंगणात जायची आणि जास्वंदाला पाणी घालायची. मला वाटायचं, आधाराला धरते भिंत.

मग तिचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, घरातली धूळ कमी करा. त्या लाटांवर बोट फिरवलं की बोट काळं व्हायचं, बायको तर पुसून पुसून कंटाळली होती. शेवटी आईला आठवडाभर उमरखेडला ताईकडे पोचवलं आणि रफीकभाईंना बोलावलं.

भिंतीकडे पाहत रफीकभाई म्हणाले, "सर, मायले विचारलं का? ते हातानं भिंत वाचत जाते. मी पाह्यलं हाये."

"तिला काय विचारायचं? तिला कुठं दिसतं?" मी बोलून गेलो. ते वाक्य आठवलं की अजून स्वतःचीच लाज वाटते.

कपाट सरकवलं तर मागे गंमत! सगळ्या भिंतीवर चार-चार रेघांच्या लाटा आणि कपाटामागे फक्त तीन-तीन. रफीकभाई कान खाजवत हसले. "फणीचा एक दात तुटलता सर. म्हटलं, इथं कपाटच येनार हाये, कोन पाहते?" मी त्यांना दिवसभर चिडवलं, आठ वर्षांनी चोरी पकडली म्हणून.

मग पाणी मारून पत्तीनं सगळं खरवडलं. दोन हात पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, त्यावर पांढरा रंग. मी भिंतीला स्टीलची पट्टी लावून पाहिली, पडदे ओढून बाजूनं टॉर्च मारला. कुठंही उंचवटा नाही. कपाट आमच्या खोलीत गेलं.

त्याच दिवशी ताईचा फोन आला. "विजू, आई इथं खाटेवरून उठूनच नाही राह्यली. म्हणते, माह्या घरी भिंतीवरच्या रेघा हायेत, त्या धरून मी जातो."

आईची वाट मी माझ्या हातानं पुसून टाकली होती, आणि वर रंग देऊन छान दिसते म्हणून खूशही झालो होतो.

दोन दिवसांनी दुपारच्या एसटीनं आई आली. मला काही सांगायचा धीर झाला नाही. तिनं पाय धुतले, खोलीच्या दाराशी जाऊन भिंतीवर हात ठेवला आणि निघाली. नेहमीसारखीच, न अडखळता. मी दोन पावलं मागे, पडली तर धरायला. मधोमध ती थांबली. तिची बोटं तिथल्या तिथं दोनदा फिरली.

"कपाट हलवलं का रे?"

"हो."

"मंग इथं तीनच रेघा काहून?"

तिच्या बोटांखालची जागा मी चाचपून पाहिली. सपाट, गुळगुळीत.

पाठ असलेल्या वाटेवर मनानंच रेघा लागत असतील, हे मी मान्य करतो. पण कपाटामागची जागा तिच्या हाताला कधीच लागलेली नव्हती! मी बायकोला विचारलं, ताईला विचारलं, रफीकभाईंना विचारलं. कुणी आईला सांगितलेलं नाही. मग प्रयोग केले. आईला गोल फिरवून दुसऱ्या टोकाकडून आणलं... तीन रेघा बरोबर तिथंच. आमच्या खोलीतल्या भिंतीवर तिचा हात ठेवला, तर म्हणाली, "हे साधी हाये." हॉलच्या भिंतीवर प्लास्टिकचा कागद धरला, तर, "आता नाही लागत. काढ ते." तिसऱ्या दिवशी ती वैतागली. "मी का तुह्या शाळेतला बेडूक हावो?"

रफीकभाई येऊन बराच वेळ भिंत चाचपत राहिले. त्यांना काहीच लागलं नाही. मग आईजवळ बसून म्हणाले, "माय, ते तीन रेघांचं काम माह्या हातून खराब झालतं. माफ कर."

"राहू दे," आई म्हणाली. "त्याच्यानंच तं मले कयते, अर्धी वाट झाली म्हनून."

जाताना रफीकभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, या भिंतीला आता ते हात लावणार नाहीत.

याला सहा महिने झाले. आईचा खोकला बराच कमी आहे, जास्वंदाला रोज पाणी मिळतं. मी मात्र 'काहीतरी कारण असेलच' यापुढे एक पाऊलही गेलेलो नाही. पांढऱ्या भिंतीवर आता हाताच्या मळाचे दोन पट्टे उमटलेत. एक आईच्या हाताचा. दुसरा वीतभर वर, माझा. घरी कुणी नसलं की डोळे मिटून मीही त्या भिंतीला हात लावून चालतो. मला अजून एकही रेघ लागलेली नाही.