लाल टेप

लातूरच्या त्या पार्टवाल्यावर माझा राग अजून आहे. चूक कोणाची ते मला ठाऊक आहे, तरी आहे.

लेकीच्या गाडीचा हॉर्न बंद पडला होता आणि मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा जळत राहिला होता. ती किनवटकडच्या आश्रमशाळेत शिकवते. सोमवारी सकाळी जंगलातल्या वळणांवरून तिला एकटीला जायचं होतं. मी जुन्या गाड्या घेतो-विकतो. आमच्या धंद्यात असा दिवा लागला की मीटर उघडून त्यावर काळी पट्टी चिकटवतात. मीही चिकटवल्यात. लेकीच्या गाडीला मात्र हात धजला नाही.

नांदेडच्या आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं सांगितलं, क्लॉक स्प्रिंग गेली. स्टिअरिंगच्या चाकामागं बसणारी तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी. चाक फिरतं, गाडीतून आलेल्या तारा फिरत नाहीत. मग हॉर्नला, एअरबॅगला वीज पोचायची कशी? म्हणून डबीत रिबिनीसारखी चपटी तार सैल गुंडाळलेली असते. चाक एकीकडं वळलं की ती आवळते, दुसरीकडं वळलं की सैल होते.

मी लातूर गाठलं. दुकानदारानं डबी काढली. तिच्यावर लाल टेप होती.

"शेठ, टेप तेवढी काढू नका."

मला वाटलं, माल झाकतोय. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हापासून मी एकच शिकलोय: वस्तू हातात घ्यायची, खोट काढायची, मग भाव बोलायचा. बेअरिंग बघतात तशी मी टेप काढून डबी बोटानं गरगर फिरवली.

"खरखरते," मी म्हणालो. खरखरत नव्हती. त्यानं भाव उतरवला, वर एक शब्द बोलला नाही. मी डबीवरच्या खुणेला खूण जुळवून टेप परत चिकटवली.

शनिवारी मिस्त्रीनं ती बसवली. दिवा विझला, हॉर्न वाजला. संध्याकाळी लेकीनं गाडी अंगणात लावताना चाक शेवटपर्यंत डावीकडं वळवलं. आतून टक् असा आवाज आला. दिवा पुन्हा लागला.

मी लातूरला फोन लावून तोंडाला येईल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं. "उघडून बघा, मग शिव्या द्या," म्हणाला.

रविवारी सकाळी मिस्त्रीनं बॅटरीची तार सोडली आणि चहा संपेपर्यंत चाकाला हात लावला नाही. एअरबॅगमधली वीज उतरू द्यावी लागते. मग डबी उघडली. रिबीन तुटली होती.

"शेठ, ही टेप कुनी काढली व्हती?"

मी तुटकी रिबीन उचलून बघू लागलो.

"सारी मिळून पाचेक वेढे फिरते ही. मधोमध धरून टेप मारत्यात. अडीच इकडं, अडीच तिकडं. खूण तर दर वेढ्याला जुळती, पर हिला कुनीतरी एका कडेला नेऊन ठिवलं. म्या टेपवर भरोसा केला."

लेक पायरीवर बसून ऐकत होती. "अप्पा, तुम्ही फिरवली?"

"माल बघायला नको?"

"बघितला की. आता उद्या मी बघते, एअरबॅग उघडते का न्हाई."

मी पुन्हा लातूरला फोन केला. भाव विचारला नाही. "दुसरी पाठव. आजच्या एसटीनं."

"टेपसकट पाठवू का, शेठ?"

त्याच्या दुकानातली माणसं हसली. मला स्पष्ट ऐकू आलं. कानशिलं तापली, जीभ शिवशिवली. लेक समोर बसली होती.

"टेपसकट," मी म्हणालो.

दुपारी खोकं आलं. मी ते उघडलंही नाही. मिस्त्रीनं पुढची चाकं सरळ केली, डबी बसवली आणि मगच टेप ओढली.

सोमवारी लेक निघाली. आमच्या फाटकातून बाहेर पडायला चाक पूर्ण वळवावं लागतं. ती वळवत गेली, मी टक् ऐकू येतोय का म्हणून कान लावून उभा. काही आलं नाही. तिनं दोनदा हॉर्न दिला आणि गाडी रस्त्याला लागली.