जाळी वर काढली, कालवं राहिली

तो प्रसंग आठवला की आजही माझी मान खाली जाते. माझ्या नोकरीत खुनाचे तपास झाले, दरोड्यांचे झाले. त्यांच्याबद्दल लोक विचारतात आणि मी सांगतोही. या तपासाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणूनच तो लिहून ठेवतो आहे. नावे कोणाचीच देत नाही. त्यातली बरीच माणसे हयात आहेत आणि मलाही अजून त्याच उपनगरात राहायचे आहे.

सत्तरचे दशक नुकतेच लागले होते. माझी नेमणूक बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीकडच्या एका ठाण्यात होती. ठाण्यामागे आमची पोलीस लाईन होती. मी बायको-मुलांसह तिथेच दोन खोल्यांत राहत होतो. लाईनीच्या कुंपणाला लागून एक नाला वाहत असे. वरच्या अंगाला नवीन कारखान्यांच्या शेड, मध्ये एक म्हशींचा तबेला, मग चाळी, मग आमची लाईन, आणि शेवटी कोळीवाडा व खाडी. गोराईची होडी त्याच खाडीतून सुटायची.

एके दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक कोळीण सरळ आत आली आणि तिने टोपली ठाणे अंमलदाराच्या टेबलावर उपडी केली. टोपलीत कालवं होती. एकूण एक शिंपला उघडा पडलेला, आतले मांस पांढरे आणि पिचपिचीत. वासाने ठाणे अंमलदार खुर्चीसकट मागे सरकला.

"सायब, माझा खडप कोनीतरी मारलाय. त्याला पकर."

ती विधवा होती. पन्नाशीच्या आसपासची. ओहोटीला खाडीतल्या खडकांवर, ज्याला ते लोक खडप म्हणतात, कालवं फोडायची आणि बाजारात विकायची. त्यावर ती, तिची म्हातारी सासू आणि दोन मुली जगत होत्या. घरात पुरुष नाही, म्हणून होडी नाही आणि जाळेही नाही. खडप गेला तर त्या घराला दुसरे काही नव्हते.

आमचा हवालदार मालवणकडचा. त्याने नाकाला रुमाल लावून मला हळूच विचारले, "सायबानू, कालवा मेली तर कलम खंयचा लावायचा?"

तिने ते ऐकले. "माझी शेरडी मेली असती तर लावला असतास ना रे? कालवांना जीव नाय?"

शेळी कोणाच्या तरी मालकीची असते, हे उत्तर माझ्या तोंडावर आले होते. मी ते गिळले आणि संशय कोणावर आहे ते विचारले.

"पलीकडच्या काठावरचे. दुसरे कोन? विष टाकतात मेले. पाटलांनाबी इचार."

पाटील म्हणजे कोळीवाड्याचा म्होरक्या, तिचा दीर. तो दुपारी आला. शांत, वजनदार माणूस. त्यानेही तेच सांगितले आणि वर पलीकडच्या दोघांची नावेही दिली. आम्ही त्या दोघांना बोलावले, वेगवेगळे बसवले, दिवसभर विचारले. दोघेही एकच सांगत राहिले: आमच्या काठाचीही कालवं मेली, येऊन बघा. हवालदार होडीने जाऊन बघून आला. खरेच मेली होती. स्वतःच्याच खडपावर कोणी विष टाकत नाही. आम्ही दोघांना सोडले.

मला आकड्यांची खोड आहे. घरचे दूधसुद्धा मी रोज मापून घेतो. त्यामुळे मी त्या कोळिणीला, एव्हाना ठाण्यात सगळे तिला मावशीच म्हणत होते, पुन्हा बोलावले आणि कालवं नेमकी कधी मरतात ते विचारले. तिने सांगितले ते सरळ होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी जोरात चढते आणि खूप लांब उतरते, तेव्हा खडप उघडे पडतात आणि बायका खाली उतरतात. मधल्या दिवसांत, अष्टमीच्या सुमाराला, भांग असतो. भांगात पाणी फारसे चढत नाही की उतरत नाही, खाडी नुसती हलते. तेव्हा पुरुष जाळी काढून वर वाळत घालतात. गेल्या दोन्ही भांगांनंतर बायका खडपावर गेल्या तर कालवं उघडी पडलेली.

म्हणजे जे काही घडत होते ते भांगातच.

खबर मिळाली ती तबेल्यावरून. तबेलेवाला भय्या हवालदाराला चहा पाजता पाजता म्हणाला की त्याची एक म्हैस नाल्यात बसली आणि तिच्या पायांची कातडी सोलवटून निघाली. कधी? त्याला तिथी सांगता येईना, पण उपासाचा दिवस होता हे त्याच्या लक्षात होते, कारण त्या दिवशी लाईनीतल्या बायकांनी जास्तीचे दूध मागितले होते. मी बायकोला विचारले. तो अष्टमीचाच उपास निघाला.

तबेल्याच्या वर नाल्याला लागलेला एकच कारखाना होता, सायकलचे सुटे भाग चकचकीत करणारा, प्लेटिंगचा. आत ॲसिडचे हौद. कामाचे राहिले नाही ते ॲसिड मागच्या टाकीत साठवायचे आणि टाकी भरली की चावी फिरवून नाल्यात सोडायचे. मॅनेजर मुलुंडला राहणारा, अत्यंत सभ्य गृहस्थ. मासळी खाणे दूरच, त्याने जन्मात खाडी पाहिली नव्हती. मी टाकीबद्दल विचारले तर त्याने काही लपवले नाही.

"सोडतो ना साहेब. पण रोज नाही. जाळी वर असतात त्याच दिवसांत सोडतो. कोणाचं नुकसान नको."

जाळी कधी वर असतात हे या माणसाला कोणी शिकवले?

कोळीवाड्याच्या वतीने बोलणारा एकच माणूस होता. पाटलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावले. मी आवाज चढवणारा अधिकारी कधीच नव्हतो. चहा मागवावा, माणसाच्या समोर बसावे आणि गप्प राहावे. गप्प बसणे निर्दोष माणसाला जमते. ज्याच्या पोटात काही आहे तो कपातला चहा निवायच्या आत बोलू लागतो. पाटलाने चहाला हातही लावला नाही.

"कारखान्यात गेला होतात तुम्ही?" मी विचारले.

"गेलतो."

"कशाला?"

"भांडायला. जाळी जलत व्हती, सायब. नवी जाळी हातात तुटत व्हती. तर तो बोलला, टाकी सोडल्याशिवाय कारखाना चालत नाय. कवा सोडू ते तुमी सांगा. मी बोललो, भांगात सोड. तवा आमची जाळी वर असतात." त्याने मान वर केली. "सगल्या गावाची जाळी वाचवली मी. एक पैसा घेतला नाय."

ते खरे होते. पुढे आम्ही सगळीकडून तपासले, त्याने कशाचाही लाभ घेतला नव्हता.

"आणि कालवं?"

त्याने थंड चहाचा कप बाजूला सारला. मग अगदी हळू म्हणाला, "ती बायकांची कामं. ध्यानातच नाय आलं."

उधाणात टाकी सुटली असती तर निदान ओहोटीबरोबर ते पाणी समुद्रात ओढले गेले असते. भांगात ते जागचे हलले नाही, दिवसचे दिवस खडपावर बसून राहिले. खाडीचे पाणी कसे वागते हे त्या माणसाला माझ्यापेक्षा शंभरपटीने ठाऊक होते. पण त्याच्या हिशेबात फक्त होड्या आणि जाळी होती. पहिल्या भांगानंतर भावजय मेलेली कालवं घेऊन आली तेव्हा त्याला सगळे कळले होते. तेव्हाच त्याने पलीकडच्यांचे नाव घेतले. लोभापायी खोटे बोलणारे मी पुष्कळ पाहिले, पण शरमेपायी बोललेले खोटे त्याहून घट्ट असते.

मावशी बाहेर बाकावर बसली होती. तिने सगळे ऐकले. दारात येऊन ती म्हणाली, "भावजी, जाली वर काढता येतात. कालवा कशी वर काढशील? ती तर दगराला चिकटलेली." आणि मग, "मला इचारायचास तरी."

पाटील उठला आणि तिच्याकडे न बघता भिंतीला लागून उभा राहिला. साठीचा माणूस, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

गुन्हा नोंदवला. विषारी पदार्थाबाबत हयगय, एवढे एकच कलम त्यातल्या त्यात लागू पडत होते. पंचनाम्यासाठी आम्ही खाडीच्या तोंडापासून नाल्याच्या काठाने वर निघालो: मी, हवालदार, दोन पंच, वॉर्ड ऑफिसचा आरोग्य निरीक्षक, आणि कोणी बोलावलेली नसताना मावशी. नाल्यात सुटणारे प्रत्येक तोंड मी टेपने मोजून लिहीत होतो. कोळीवाड्याच्या मोऱ्यांची तोंडे झाली. मग विटांच्या भिंतीतून आलेला एक जाड पाइप दिसला. खाली घाण साचलेली. मी टेप लावली. नऊ इंच.

"ह्यो कोनाचा?" मावशीने विचारले.

हवालदार एकदम आकाशात घारी बघू लागला. निरीक्षकाने खिशातून पेन्सिल काढली आणि परत ठेवली. भिंतीवर आमच्या लाईनीच्या बायकांनी धुणे वाळत घातले होते. त्यात माझी खाकी पँटही होती.

"आमचा," मी म्हणालो.

"तुजा?"

"आमच्या लाईनीच्या संडासांचा."

ती मोठ्याने हसली. पंचही हसले. "मंग आता कोनाला पकरशील रे?"

पुढे चाळींच्या मोऱ्या, मग तबेल्याचे शेणाचे तोंड लागले, आणि सगळ्यात शेवटी कारखान्याचा पाइप. चार इंच. मी सगळे लिहिले. ॲसिड ते ॲसिड, आणि मैला तो मैला, हा फरक मलाही कळत होता. पण आम्ही ज्याला पकडायला निघालो होतो त्याच्यापेक्षा आमचा पाइप रुंद होता, आणि त्यावर मी सहा वर्षे कुटुंबासह सुखाने राहत होतो.

वरिष्ठांनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिले. "पंचनामा कारखान्याचा आहे. आपली लाईन त्यात कशाला घुसडलीत?"

"साहेब, नाला एकच आहे."

"तुम्हाला बढती नकोय वाटतं," एवढेच ते म्हणाले. कागद मात्र त्यांनी बदलायला लावला नाही.

कोर्टात कारखान्याला दंड झाला. मॅनेजरने तो तिथल्या तिथे भरला, जाताना माझे आभारही मानले आणि दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू. पाटलाविरुद्ध काही शाबीत करण्यासारखे नव्हते. मावशीच्या हातात काय पडले? काहीच नाही. मी माझ्या कामात चोख होतो आणि तिच्या उपयोगाचा नव्हतो.

उपयोगी पडला तो वॉर्ड ऑफिसर. तरुण, तोंडाने फटकळ. त्याने सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावले. पाटील दाराजवळ उभा होता. "मावशी, तुम्ही आधी बसा," वॉर्ड ऑफिसर म्हणाला, "आणि मग बोला." नंतर तो मॅनेजरकडे वळला. "परवाना दर वर्षी माझ्याच सहीने मिळतो ना? मग ऐका. चुन्याचा खड्डा बांधा. ॲसिडचा जोर आधी त्यात मरेल, मग पाणी नाल्यात जाईल. खड्डा दिसला की सही."

"एवढंच?" मॅनेजर म्हणाला. "मग हे आधी कोणी का नाही सांगितलं?"

परवाना देताना छपराची उंची विचारली होती, कामगारांची संख्या विचारली होती. तुमचे पाणी कुठे जाते, हे कोणीही विचारले नव्हते.

तबेलेवाल्याला त्याने शेण खड्ड्यात साठवायला लावले. ते गोराईचे शेतकरी होडीने खतासाठी नेऊ लागले. कारखान्याचा खड्डा दोन महिन्यांत झाला, तबेल्याचा त्याआधी. राहिली पोलीस लाईन. सेप्टिक टाकीसाठी मंजुरी, मग अंदाजपत्रक, मग पुन्हा मंजुरी. "मुदत मागणारे एकटे पोलीसच," वॉर्ड ऑफिसर मला भर बैठकीत म्हणाला.

मावशी आता दुसऱ्यांकडून सुकी मासळी घेऊन विकत असे. आमच्या फाटकाशी ती टोपली घेऊन यायची, पण खाली ठेवायची नाही. आधी विचारायची, "टाकी झाली काय?" नाही म्हटले की पुढे चालू लागायची. लाईनीतल्या बायकांना वाटे, विक्षिप्त आहे. एका रात्री जेवताना मी बायकोला खरे ते सांगितले. दुसऱ्या सकाळी तिने स्वतः फाटकाशी जाऊन सांगितले, "नाही झाली अजून, मावशी," आणि मान खाली घालून परत आली.

टाकी शेवटी झाली. ती बातमी द्यायला मी स्वतः कोळीवाड्यात गेलो. मावशी ओट्यावर बोंबील निवडत होती. समोर ओहोटीला खडप उघडे पडले होते. रिकाम्या शिंपल्यांनी पांढरेफटक.

"मावशी, टाकी झाली."

"बरा झाला," तिने हातातले काम न थांबवता म्हटले. "आता खडपावर तुजी टाकीच उगवल, कालवा काय परत येत नाय."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढेच शिकलो की पोलीस नेहमी नुकसानानंतर पोहोचतात. पंचनामा, जबाब, कलम, दंड, सगळे मागाहून. आधी पोहोचू शकते ते वॉर्ड ऑफिस, कारण परवाना तिथे मिळतो, नाला तिथला, आणि लोकांना एका खोलीत बसवायची सोयही तिथेच. पण त्या खोलीत खडपावर उतरणाऱ्या बाईला आधी बोलावले पाहिजे. शेवटी नव्हे.

निवृत्तीनंतर मी नव्या सोसायटीत राहायला गेलो. ताबा घेताना बिल्डरने नळ, खिडक्या, गच्ची, सगळे हौसेने दाखवले. मी विचारले, "पाणी कुठे जातं?"

"नळाला दिवसभर असतं, साहेब," तो म्हणाला.

"येणारं नाही. जाणारं."

तो गच्चीच्या कठड्यावरून खाली डोकावून पाइप शोधू लागला. आम्ही दोघे खाली उतरलो आणि मी टेप काढली.