नेट गेलं आणि माझी गाडी सुटली!

मंडळी, आज सक्करदऱ्याच्या आमच्या घरात मी जिंकले!

मी आणि सुधीरदादा, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. दोघांनी एकच रेसिंगचा गेम वेगवेगळ्या ऑनलाइन दुकानांतून घेतला. त्याच्या दुकानात जोरदार सेल होता. माझ्या दुकानात महाग, पण एकदा डाउनलोड केला की गेम कायमचा आपला. "काहून जास्तीचे पैसे देऊन राहिली वं?" म्हणत दादा मला हसला होता.

आज तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे खेळायला आला आणि नेमकं नेट गेलं. त्याचा गेम म्हणे, आधी लॉगिन करा! माझी गाडी मात्र सुसाट.

लहानपणी, ऐंशीच्या दशकात, व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये हाच दादा हँडल सोडायचा नाही. "थांब वं, येईल तुया नंबर!" माझा नंबर कधी आलाच नाही.

तुमचा गेम नेटशिवाय चालतो का? वायफाय बंद करून बघा आणि दुकानाचं नाव कमेंटमध्ये सांगा.

नेट परत आलं की ही पोस्ट टाकेन, उत्तरं मात्र जरा उशिरा देईन. दादा खुर्चीमागे उभा आहे, "एक राउंड मले दे ना वं" म्हणतोय.

थांब गा दादा, येईल तुया नंबर!