खालून धरलेला हात

कार्मिन तुस्कानोने गास गावच्या बालवाडीत सव्वीस वर्षं मुलं सांभाळली होती. त्यामुळे परक्या मुलाला घरात कसं ठेवावं हे आपल्याला कुणी शिकवणार, याचं तिला आधी हसूच आलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. निवृत्त झाल्यापासून दुपारी मुलं सुटायच्या वेळेला घर अंगावर येई. म्हणून २००३ साली तिने आणि तिच्या नवऱ्याने, ॲन्सेल्मने, एका संस्थेकडे अर्ज केला. मार खाल्लेल्या, भेदरलेल्या मुलांना नातेवाईक सापडेपर्यंत घर द्यायचं, असं ते काम. त्याआधी चार शनिवार नालासोपाऱ्याच्या एका शाळेत प्रशिक्षण घ्यावं लागे.

तिसऱ्या शनिवारी भाचीचं लग्न निघालं.

"एक दिवस चुकला म्हणून काय झालं? मी काय नवखी आहे?" कार्मिन म्हणाली.

"छे, तू तर हेडबाई," ॲन्सेल्म म्हणाला. "वर्गसुद्धा तूच घे."

जूनमध्ये तुळिंजची आर्या घरी आली. सात वर्षांची. आई वारलेली, बापाच्या हातून शेजाऱ्यांनी सोडवून आणलेली. कार्मिनने तिला आंघोळ घातली नाही, प्रश्न विचारले नाहीत, जेवायचा आग्रह केला नाही. शिकलेलं सगळं नीट पाळलं.

संध्याकाळी रोझरी, म्हणजे घरातली जपमाळेची प्रार्थना, झाली. शेजारची मुलं, स्टीवन आणि जीना, रोजच्यासारखी हात जोडून पुढे आली. "बेसांव," म्हणाली. मोठ्यांकडे आशीर्वाद मागायचा तो त्यांच्या घरचा शब्द. कार्मिनने दोघांच्या डोक्यांवर हात ठेवला. त्यांचं बघून आर्याही मागे येऊन उभी राहिली. कार्मिनला भरून आलं. तिने हात उचलला, आणि आर्या खाली कोसळली. दोन्ही दंडांत डोकं लपवून, आवाज न करता. तिच्याखालची जमीन ओली झाली.

त्यानंतर ती रोझरीच्या वेळी दारापाशी उभी राहू लागली.

संस्थेच्या वसुंधराताई महिन्यातून एकदा अशी मुलं सांभाळणाऱ्या पालकांना बोलवत. कार्मिनने मान खाली घालून झालं ते सांगितलं. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि स्वतः उभ्याने हात उचलून एकेकाच्या जवळ गेल्या.

"वर बघा, कार्मिनबाई. काय दिसतं?"

"हात."

"माझं तोंड?"

"नाही दिसत."

"मग हात आशीर्वादाचा आहे की माराचा, कसं कळणार तिला?" ताई तिच्यासमोर खाली बसल्या. "तिच्यापेक्षा खाली बसा. हात खालून, उघडा धरा, तिला दिसेल असा. आणि थांबा. ती नाही आली, तर नाही. हे तिसऱ्या शनिवारी शिकवलं होतं."

बालवाडीत किती डोक्यांवरून आपण हात फिरवला, त्यातली किती दचकली असतील, एवढंच कार्मिन घरी येईपर्यंत आठवत राहिली.

त्या दिवसापासून रोझरीनंतर ती खुर्ची सोडून फरशीवर बसू लागली. एका हाताचा तळवा मांडीवर उघडा. स्टीवन-जीना आधी हसली, मग वाकून तळव्यावर कपाळ टेकवायला शिकली. आर्या दारातून बघे. पावसाळा गेला. ती ॲन्सेल्मबरोबर केळीच्या बागेत हिंडू लागली, एकदा कळंबच्या किनाऱ्यावर खिदळलीसुद्धा.

"काका, ही दोघं रोज बेसन का मागतात?" तिने एकदा विचारलं.

"भजी आवडतात त्यांना," ॲन्सेल्म गंभीरपणे म्हणाला. मग त्याने तिला शब्दाचा अर्थ सांगितला.

आर्यासाठी तळवा मात्र रिकामाच राही. एके दिवशी न्हाल्यावर आर्याचे ओले केस उन्हात वाळत होते. कार्मिन हातभर अंतरावर बसून तांदूळ निवडत होती. एवढ्या जवळचं डोकं तिने आयुष्यात कधी इतक्या लांबून पाहिलं नव्हतं.

जानेवारीत देवरुखची मावशी सापडली. चांगली बाई होती, दोनदा येऊन आर्याशी खेळून गेली. बालकल्याण समितीने मंजुरी दिली. मूल परत देण्यासाठीच आपण ते घेतो, हे तर पहिल्याच शनिवारी शिकवलेलं. तो दिवस कार्मिनने चुकवला नव्हता.

मावशी यायच्या आदल्या संध्याकाळी रोझरी संपली. शेजारची मुलं गेली. आर्या दार सोडून पुढे आली, थांबली, आणखी दोन पावलं आली.

"काकी, बेसांव."

तिने हात जोडले नाहीत. ती गुडघ्यांवर बसली आणि खाली वाकून आपलं कपाळ कार्मिनच्या तळव्यावर टेकवलं. कपाळ गरम होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड.

"देव तुझं भलं करो," कार्मिन म्हणाली. तिचा दुसरा हात आपोआप त्या केसांकडे निघाला होता. तिने तो मांडीखाली घातला आणि त्यावर सगळं अंग टाकून बसून राहिली.

"झालं?" आर्याने तळव्यातूनच विचारलं.

"तुला हवं तेव्हा ऊठ, बाळ."

आर्या लगेच उठली नाही.